खळ्यात उमटलेला पाय

आमच्या घरात हाडं उकळायला लागली ती पोरीच्या विज्ञानाच्या सरांमुळे. एरवी आमच्याकडे कोंबडी शिजते ती पाहुणे आले तरच, आणि हाडं जातात कुत्र्याच्या वाट्याला. पण आठवीतल्या माझ्या मुलीनं सरांना शब्द दिला होता की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेकडून जीवाश्म मांडायचे. खरे जीवाश्म आणायचे कुठून? सरांनीच वर्गात सांगितलं होतं की वाशीमच्या आपल्या पट्ट्यात खाली काळा पाषाण, लाव्हा थिजून झालेला. त्या उकळत्या रसात कोणता जीव आपली हाडं शाबूत ठेवणार? सापडत नाहीत तर घरी करू, असं ठरलं. नकली, पण अस्सल वाटावेत असे.

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. कामरगावला माझ्या माहेरी म्हणत, हिच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसली तर जिवंत परत जात नाही. त्यामुळे स्वयंपाकाच्या पातेल्यात कोंबडीचे पंजे उकळताना पाहिले तेव्हा मी पोरीला धपाटा घातला. ती म्हणाली, "आई, मांस निघालं पाह्यजे, नाईतं ठसा साफ येत नाई." आणि परत चमच्यानं ढवळायला लागली. मेलेल्या जिवाची तिला किळस नाही, भीती तर मुळीच नाही. पावसाळ्यात सोयाबीनवर गोगलगायींची धाड आली होती. आम्ही दोघी बादलीभर गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायचो आणि वर झाकण ठेवून दगड ठेवायचो. आतून फेस यायचा, बुडबुडे यायचे. मी तोंड फिरवायची; ती झाकण उचलून बघायची. तेच रिकामे शंख तिनं आता जपून काढले होते.

काम चिकाटीचं होतं. आधी शेतातली काळी माती वापरून पाहिली. ओली असताना लोण्यासारखी, पण सुकली की भेगा. पिंपळपानाचा सुरेख ठसा दुसऱ्या दिवशी फाटलेला. मग गावठाणातली पांढरी माती आणली, जिनं आम्ही भिंती लिंपतो. ती मळून थापायची, तेलाचं बोट फिरवून शंख, पान, कोंबडीचा पंजा दाबायचा, अलगद उचलायचा आणि त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. प्लास्टर वाशीमच्या मूर्तीवाल्याकडून मीच आणलं होतं. त्यानं बजावलं होतं की पाण्यात प्लास्टर टाका, प्लास्टरात पाणी नको. घट्ट होताना ते गरम होतं. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी दचकले, पोरगी हसली. मग चहाचा चोथा उकळून त्या पाण्यात बुडवायचं, वरून गेरूचा हात द्यायचा. लालसर तपकिरी, जुनंपुराणं दिसायचं. तरी तिचं समाधान होईना.

"नवंच दिसून राह्यलं," ती म्हणाली. "ओल्या मातीत गाडून ठेवतो काही दिवस. बारीक भेगांत माती शिरली पाह्यजे."

तिनं सगळे नग माझ्या शिवणकामातल्या लाल अस्तराच्या तुकड्यांत गुंडाळले, टवके उडू नयेत म्हणून. सुतळीनं बांधले आणि धुऱ्यावरच्या बोरीखाली नेऊन पुरले. तिथं हरभऱ्याच्या पाण्याची ओल असते, म्हणून. मला तिनं सांगितलं होतं. मी मशीनवर होते, हूं म्हणाले.

आता धुऱ्याबद्दल सांगायला हवं. धुरा म्हणजे दोन शेतांमधली बांधाची पट्टी. आमच्या धुऱ्याच्या अलीकडे मी, पलीकडे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आसेगावच्या बाजूचं आमचं लहानसं गाव. घरंही एकमेकांना लागून, मध्ये एक भिंत. माझा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला तेव्हापासून भासऱ्यांचा नांगर दर वर्षी एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, माझ्या बाजूला सरकायचा. मी बोलले की तेच उत्तर यायचं. "पोरीले घेऊन कामरगावले जाय. भाऊ हायेत तुले. एकट्या बाईनं वावर कायले करा?" त्यांना आम्हाला तिथून हुसकवायचं होतं, म्हणजे वावर आणि घर दोन्ही आपसूक मिळालं असतं. आणि मला तिथंच राहायचं होतं. सगळं भांडण एवढंच. सुनेनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, थेट तोंड वर करून बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी पदर घेऊन, खाली मान घालून त्यांना सुनवायची.

त्याच आठवड्यात त्यांची म्हैस अडली. भिंतीपलीकडून तिचं ओरडणं ऐकवेना. मी धावत गेले. पारडाचे पुढचे पाय बाहेर, डोकं आत वळलेलं. जाऊबाई रडत होत्या, भासरे शिव्या देत म्हशीच्या पाठीवर काठी हाणत होते, जणू तिनं मुद्दामच केलं. मी म्हणाले, "मारू नका तिले, दोर द्या." जाऊनं आणि मी पायांना दोर बांधून ओढलं. ओढता ओढता माझे तळवे सोलले. शेवटी पारडू आलं ते निळं पडलेलं, मेलेलं. म्हैस मान वळवून त्याला चाटत राहिली. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जाऊला म्हणाले, "हिले कोनं बोलावलं? हिचा हात लागला अन् मेलं."

मी घरी येऊन हात धुतले आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं.

पुढचं सरळच होतं. जाऊबाई धुऱ्यावर गवत कापायला गेल्या, बोरीखाली माती भुसभुशीत दिसली, विळा लागला आणि लाल कापडाची पुरचुंडी वर आली. तिच्यात हाडांचे पंजे, गेरूनं माखलेले. आमच्या भागात लाल कापडात बांधलेलं हाड धुऱ्यावर सापडलं की कोणी विज्ञान प्रदर्शन म्हणत नाही. दुपारपर्यंत गावाच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये फोटो फिरला. संध्याकाळपर्यंत त्या पुरचुंडीत लिंबू आलं, टाचण्या आल्या, आणि एका शंखाचं कुणीतरी लहान लेकराचं हाड करून टाकलं. म्हशीवर करणी झाली, आणि करणारी कोण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

मी भासऱ्यांच्या दारात गेले. पोरीची वही नेली, चित्रं दाखवली, उरलेलं प्लास्टर दाखवलं. जाऊबाईंनी पंजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांना पटत होतं, मला दिसत होतं. "दगडासारखा लागते जी हा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. भासरे उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "शायेच्या नावाखाली काय काय चालते, मले नोको शिकवू. गाव सोड. नाई सोडलं तं तुयी तू जाण." मी पदर नीट केला आणि म्हणाले, "सोडत नाई." घरी आले आणि दाराला आतून अडसर लावला. आतापर्यंत कधी लावला नव्हता.

त्यानंतरच्या दिवशी मी खळं केलं. आता सगळे तूर ताडपत्रीवर झोडपतात, नाहीतर मळणीयंत्र बोलावतात. माझी तूर थोडी. मी अंगणातच खळं करते, सासू करायची तसं. पांढरी माती पसरायची, पाणी मारायचं, पायानं तुडवून सपाट करायची आणि किंचित वाळली की शेणानं सारवायची. त्या दिवशी माती पसरून, भिजवून, तुडवून झाली होती. अंगण मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं. दिवस मावळला. लाइट गेलेली. मी ओसरीवर कंदील पुसत होते, पोरगी आत नवे ठसे मांडत होती.

तिघे आले. तिघांच्याही तोंडाला दुपट्टे बांधलेले, फक्त डोळे उघडे. हातात काठ्या. फाटक ढकललं आणि अंगणाच्या कडेला येऊन ते थांबले. खाली वाकले. मला वाटलं दगड उचलतात. त्यांनी चपला काढल्या. तिघांनीही. कडेला नीट ठेवल्या आणि मग अनवाणी खळ्यावर पाय टाकला.

खळ्यावर कोणी चपला घालून येत नाही. तिथं धान्य पडतं, लक्ष्मी येते. लहान लेकरूही दटावल्याशिवाय चपला काढतं. मला मारायला आलेली माणसं खळं बाटवायला तयार नव्हती.

पहिली काठी खांद्यावर बसली. मी कंदील फेकला, तो एकाच्या मांडीला लागून फुटला, त्यानं आईवरून शिवी दिली. दुसऱ्यानं माझे केस धरून मला ओसरीवरून खाली चिखलात ओढलं. मी चावले. कुणाच्या तरी मनगटाचं मांस माझ्या दातांत आलं आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मग डाव्या कोपरावर काठी आली, आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज मला कानानं नाही, दातांत ऐकू आला. तिसरा एकही शब्द बोलत नव्हता. तो फक्त लाथा घालत होता, बरगड्यांवर, पोटात, मापून, दम घेऊन. तो का बोलत नाही ते मला कळत होतं. बोलला असता तर आवाज ओळखला असता.

पोरगी बाहेर आली ती परात घेऊन. तिनं त्या परातीनं एकाच्या पाठीत हाणलं. त्यानं तिला ढकललं, ती चौकटीवर आपटली, ओठ फाटला. मग त्यांच्यातले दोघे आत शिरले. तिनं मांडलेला प्रत्येक ठसा त्यांनी जमिनीवर आपटून फोडला. पान, शंख, मासळीचा काटा, सगळं. जाताना एकजण म्हणाला, "गाव सोड, नाईतं घरासगट जायून टाकू."

आणि कडेला जाऊन त्यांनी चपला पायांत सरकवल्या. पायाला चिखल लागला होता म्हणून एकानं आधी तो गवतावर पुसला. मी चिखलात पडून ते पाहत होते.

गावातलं एक दारही उघडलं नाही. भिंतीपलीकडे मात्र कुणीतरी उभं होतं, मला बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या होत्या. शेवटी आसेगावहून परतणाऱ्या एका ऑटोवाल्यानं पोरीचं ओरडणं ऐकून आम्हाला दवाखान्यात नेलं. माझ्या हाताला प्लास्टर घातलं. ते घट्ट होताना गरम झालं तेव्हा पोरगी फाटक्या ओठानं म्हणाली, "आपलंच प्लास्टर हाये, आई." मला हसू आलं आणि बरगड्या दुखल्या.

दुसऱ्या दिवशी परत आलो. मागोमाग ठाण्यातून एक जमादार आले. विचारलं, तोंडं पाहिली का? नाही. आवाज ओळखला? नाही. साक्षीदार? कुणी नाही. मी भासऱ्यांचं नाव घेतलं. जमादारांनी शेजारी जाऊन विचारलं. भासरे म्हणाले, मी वाशीमले होतो, उशिराच्या बसनं आलो. जमादार सुस्कारा टाकून म्हणाले, "बाई, पुराव्याशिवाय मी काय लिवू? परवा गावची बैठक हाये. मी येतो. तेथं पाहू." आणि वहीत लिहिता लिहिता बूट घालून अंगणात चालायला लागले.

"साहेब!" पोरगी किंचाळली. "खयं हाये ते! बूट काढा! पायाचे निशान मोडून राह्यले!"

ते बावचळून मागे सरले. तेव्हा मी पहिल्यांदा अंगण नीट पाहिलं. रात्रीतून माती आवळून आली होती. सगळीकडे कालवाकालव होती; मी लोळले तिथं लांबट खड्डा, माझ्या बांगडीचे तुकडे रुतलेले. पण कडेला, जिथं चपला काढून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, तिथं अनवाणी पाय स्वच्छ उमटले होते. टाचा, चवडे, बोटं.

पोरगी आत गेली. उरलेलं प्लास्टर आणलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून सगळ्यांत साफ पावलाभोवती कडं केलं. बादलीत पाणी घेतलं, पाण्यात प्लास्टर टाकलं, ढवळलं आणि हलक्या हातानं ओतलं, बोटांच्या बाजूनं आधी. जमादार उकिडवे बसून पाहत राहिले. माझा हात ठणकत होता, आणि ती मात्र रुसलेल्या गाईला चारा घालावा इतक्या सबुरीनं काम करत होती. घट्ट झाल्यावर तिनं ते उचललं, जुन्या दात घासायच्या ब्रशनं माती झाडली. पांढरा, उपडा तळपाय. उजवा. अंगठा होता, त्याच्याशेजारी रिकामी जागा, मग उरलेली तीन बोटं.

"हा मोठ्या बाबांचा," ती म्हणाली.

"तुले कसं समजलं?"

"दर दसऱ्याले पाया पडतो ना मी. डोकं ठेवतो तेव्हा बोट नाई दिसत."

तरुणपणी लाकडं फोडताना भासऱ्यांच्या पायाचं ते बोट कुऱ्हाडीनं उडालं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. पण ते इतक्या जवळून, कपाळ टेकवून पाहिलं होतं फक्त तिनं. मला ओरडावंसं वाटलं, भिंत ओलांडून त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. ती म्हणाली, "बैठकीत नेऊ. आता काही बोलू नोको." जमादारांनी ठसा हातात घेऊन पाहिला, पण बोटाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि आम्ही सांगितली नाही.

बैठक सकाळी मारुतीच्या पारावर भरली. बाया एका बाजूला, माणसं पारावर, जमादार प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेत. वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "हे पाह्य बाई, तू करनी केली नाई म्हनते, तं बेलभंडारा उचल. विषय मिटला." देवासमोर बेलाचं पान आणि भंडारा उचलून शपथ घ्यायची, खोटी घेतली तर वंश बुडतो, असं आमच्यात मानतात.

मी पदर सरळ केला. "मी उचलतो. पन आधी त्यायले उचलू द्या. हिच्या घरी गेलो नाई म्हून त्यायनं सांगावं."

माझा अंदाज होता की भासरे कचरतील. ते कचरले नाहीत. उठले, चपला काढल्या, पायरी चढले, बेल आणि भंडारा ओंजळीत घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "मी त्या दिवशी तिच्या घरी पाय ठेवला नाई. ठेवला असन तं माह्या पोराबायाचं वाटोळं होवो." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं, आज संध्याकाळी सामान बांधावं लागणार.

पोरगी घमेलं घेऊन पुढं गेली. घमेल्यात पोतं, पोत्यात ठसा. तो तिनं पारावर, भासऱ्यांच्या समोर ठेवला. देवापुढे उभे असल्यानं ते अनवाणीच होते.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "पाय दाखवा."

सगळ्यांची नजर खाली गेली. आधी पांढऱ्या पायाकडे, मग खऱ्या पायाकडे. भासऱ्यांनी उजवा पाय डाव्या पायामागे घेतला. पोटरी घासत, लहान मूल लाजतं तसा. मग त्यांच्या तोंडावर रक्त चढलं. त्यांनी ठसा उचलला आणि पाराच्या दगडावर आपटला. तुकडे उडाले, एक पोरीच्या कपाळाला लागला, रक्ताचा ओघळ भुवईवरून खाली आला. "पोरीसोरीचे खेळ!" ते ओरडले. "असे हजार पाय बनवते ते कार्टी!"

बायांच्या घोळक्यातून जाऊबाई उठल्या. त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत बहुतेक भिंतीपलीकडून रडतानाच ऐकला होता. न्हाणीत त्यांच्या पाठीवरचे वळही पाहिले होते. चारचौघांत त्या बोललेल्या कुणी ऐकल्या नव्हत्या. त्या पदर सावरत म्हणाल्या, "तुमचा पाय नव्हता तं फोडला कायले?"

भासरे वळले आणि उलट्या हातानं त्यांच्या तोंडावर मारलं. भर बैठकीत, देवासमोर, बेलाची पानं अजून पायाशी पडलेली. जाऊ खाली बसल्या. तोंडातून रक्त आलं. पदर तोंडाला लावून त्या पुन्हा म्हणाल्या, "चिखलाचे पाय मी धुतले त्या राती. माह्यासमोर हात वर करून खोटं बोलून राह्यले तुमी. पोराबायाच्या नावानं." दुसऱ्यांदा हात उगारला गेला.

तो हात खाली यायच्या आत मी पोचले. मोडलेला डावा हात दवाखान्याच्या प्लास्टरात होता, जड, दगडासारखा. तोच फिरवला. त्यांच्या जबड्यावर बसला. भासऱ्याच्या अंगाला सून हात लावत नाही. मी लावला, आणि सारा जोर एकवटून लावला. त्यांचा दात पाराच्या पायरीवर पडलेला मी पाहिला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण माझं प्लास्टरही तडकलं होतं आणि आतलं हाड पुन्हा सरकलं होतं. तो कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. डॉक्टर हळहळतात. मी हळहळत नाही.

जमादारांनी कप खाली ठेवला. तक्रार लिहून घेतली गेली, भासऱ्यांवर जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम लागलं, जाऊबाईंनी सांगितलं ते सगळं लिहिलं गेलं. दुपट्टेवाले बाकीचे दोघे भासऱ्यांच्या सासुरवाडीकडचे निघाले. भासरे काही दिवस आत होते. मग जामीन झाला आणि ते परत आले, कारण घर त्यांचं तिथंच आहे. जाऊबाई त्याच घरात आहेत, जाणार कुठं? हल्ली पलीकडून मारण्याचा आवाज आला की मी भिंतीवर वरवंटा ठोकते. आवाज थांबतो. नांगर धुऱ्यावर सरकलेला नाही. गावातली माणसं आता मला वाट देतात. काही आदरानं, काही अजूनही करणीच्या भीतीनं, आणि मला त्यांच्या मनातलं उकरायची हौस नाही.

प्रदर्शन आलं. सरांनी विचारलं, सगळं फुटलं तर आता काय मांडणार, पुढच्या वर्षी बघू. पोरीनं पारावरचे तुकडे गोळा करून आणले होते. डिंकानं जोडले, भेगा तशाच ठेवल्या, चहाचा रंग दिला नाही. तालुक्याच्या शाळेच्या मोठ्या खोलीत, एका बाजूला ज्वालामुखी फसफसतोय, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची पवनचक्की, आणि मधल्या टेबलावर तिनं तो एकच पाय ठेवला. मी मागं उभी होते, पट्ट्यात अडकवलेला हात सांभाळत.

परीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी वाकून पाहिलं.

"हा ठशाचा जीवाश्म. छान. कुठं उमटला होता?"

"आमच्या खळ्यात, सर."

"एक बोट कमी दिसतंय. कोणत्या प्राण्याचा?"

"माणसाचा. माझ्या मोठ्या बाबांचा."

परीक्षक हसले. त्यांना ती गंमत वाटली असावी. मग नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, जो त्या टेबलावर शंख असते, मासळी असती तरी विचारला असता. "बरं. मग सांग, हा जीव आता नामशेष झाला का?"

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावरची खूण अजून लाल होती.

"नाही सर," ती म्हणाली. "आमच्या शेजारीच राह्यते. अन् आमी बी तेथंच राह्यतो."